माथेरानला हात धरला तेव्हा

नाचायला माथेरानला जायचं, तेही नवऱ्याबरोबर, हे ऐकून मी लेकीला फोनवरच विचारलं की डोकं ठिकाणावर आहे ना तुझं.

लेक रोह्याला दिलेली, जावई तिथल्या कंपनीत. त्या दोघांनी स्वतःसाठी माथेरानच्या एका जुन्या, इंग्रजांच्या काळातल्या हॉटेलात शनिवार-रविवारची जागा घेतली होती. जोडप्यांना नाच शिकवणार, राहणं-जेवण तिथंच. ऐन वेळी जावयाची शिफ्ट बदलली. बुकिंग रद्द होत नव्हतं, नावं मात्र बदलता येत होती. तिनं परस्पर आमची नावं देऊन टाकली. म्हणाली, लग्नाला तीस वर्षं झाली, कधी दोघंच कुठं गेलात का? गेलो होतो की. एकदा जेजुरीला, आणि एकदा तिच्याच बाळंतपणाला, पनवेलच्या दवाखान्यात.

खरं कारण वेगळं होतं. सहा महिने आम्ही नवराबायको धड बोलत नव्हतो. जेवण वाढलंय, लाइटबिल आलंय, एवढंच. आणि का बोलत नव्हतो ते मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं: हे दारू प्यायला लागलेत. लेकीला, दिराला, जावेला, कारखान्यातल्या बायकांना, सगळ्यांना. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे माझ्या माहेरी गडबलाही सगळ्यांना ठाऊक आहे.

पेणमध्ये आमचा गणपतीचा कारखाना. फार मोठा नाही. साचे, माती, रंग हे बाकीची माणसं बघत. डोळे मात्र हेच काढायचे. आमच्याकडं त्याला आखणी म्हणतात. सकाळी चहाच्याही आधी, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवून, श्वास धरून. एक डोळा झाला की दुसरा त्याच बैठकीत, नाहीतर नजर जुळत नाही. तेव्हा कोणी नुसतं खोकलं तरी यांची मान वळायची आणि खोकणारा बाहेर जायचा. व्यापारी मूर्तीचं बाकी काही फारसं बघत नसत. डोळे बघत आणि ऑर्डर देत.

त्या आषाढात नजरा बिघडायला लागल्या. एका मूर्तीची भुवई हलली, दुसरीचं बुबूळ खाली आलं. पुसून पुन्हा काढायचे, पुन्हा तेच. आता, कारखान्यात माणसाचा हात थरथरला की त्याचं एकच कारण. दुसरं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. आमच्याच आळीतले दोन आखणीवाले दारूनं गेलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. सकाळी ब्रश धरवत नाही, घोटभर पोटात गेली की हात गुणी मुलासारखा चालतो. यांचंही तसंच चाललेलं. मधेच उठून मागच्या खोलीत जात, आणि अर्ध्या तासानं हात बरा चाले. मी मागची खोली पालथी घातली. रंगांचे डबे, पोती, जुने साचे. बाटली सापडली नाही, तर मी म्हटलं, बघा किती पोचलेले आहेत.

एक दिवस सगळ्या कामगारांसमोर मी यांना कारखान्यातल्या पूजेच्या मूर्तीपुढं उभं केलं. पायावर हात ठेवा आणि शपथ घ्या, म्हटलं. त्यांनी रंगाचे हात फडक्याला पुसले. मग हात ठेवून म्हणाले, "आजपासून दारूला शिवणार नाय." मला बरं वाटलं. पण हात हलायचा तो हलतच राहिला, आणि देवाच्या पायावरची शपथसुद्धा मोडली म्हणून मी माझं अंथरूण वेगळं केलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे मी त्यांना ऐकू जाईल असं जावेला म्हणायचे.

तर असे आम्ही पौषातल्या एका शनिवारी नाचायला निघालो. पेणहून पनवेल, तिथून नेरळ, टॅक्सीनं दस्तुरी नाका. पुढं गाड्या जात नाहीत, म्हणून लाल मातीतून पायी. हे मागं राहत होते, एक पाय जरा ओढत होते. मी मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

हॉटेल मात्र बघण्यासारखं होतं. उंच छप्पर, लाकडी जमीन, चालताना पायाखाली करकर वाजणारी. जेवणाच्या दालनातली टेबलं बाजूला सारून नाचाची जागा केलेली. सात जोडपी, त्यांतली पाच मुंबई-पुण्याची, नाचाचे बूट घेऊन आलेली. मी आपली साडीवर लेकीचे स्पोर्ट्स शूज घातलेले.

शिकवणारी मुलगी म्हणाली, हात हातात घ्या, दुसरा हात पाठीवर, आणि एक-दोन-तीन. आमच्याकडं गौरीत बायका फेर धरतात, पुरुष वेगळे नाचतात. नवराबायकोनं एकमेकांना धरून नाचायची पद्धत नाही. चारचौघांत यांनी माझा हात धरला तो लग्नात, होमापुढं, तोही भटजींनी सांगितलं म्हणून. त्यात फेराची सवय असलेले माझे पाय पहिल्या गिरकीला पुढं सरकले ते थेट शेजारच्या बाईच्या नवऱ्यापुढं जाऊन उभे राहिले. सगळे हसले. हेही हसले. सहा महिन्यांनी त्यांना हसताना पाहिलं, आणि मला त्याचा रागच आला.

मग तास-दीड तास तो हात माझ्या हातात होता. तीस वर्षांत सलग एवढा वेळ कधी नसेल. पावलं चालू असली की तो शांत असायचा. गाणं थांबलं, आम्ही उभे राहिलो, की माझ्या मुठीत त्यांचा अंगठा तर्जनीवर फिरायला लागायचा, वाती वळताना फिरतो तसा. सारखा, एका लयीत. मी नीट हुंगलं. तोंडाला बडीशेपेचा वास होता, दुसरा कसलाही नाही. सकाळपासून मी त्यांच्या सोबत होते, प्यायला वेळच मिळाला नव्हता. मी हात घट्ट दाबून धरला. तरी आतून तो फिरतच होता. पुढच्या गाण्याला मी पावलं मोजायचं विसरले.

रविवारी सकाळी व्हरांड्यात चहा होता. माकडांच्या भीतीनं जाळी लावलेली. पुण्याच्या जोडप्यातल्या बाई डॉक्टर होत्या, निवृत्त झालेल्या. माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि अगदी साधेपणानं म्हणाल्या, यांची गोळी वेळच्या वेळी होते ना, नाचानं थकवा येईल, आज वेळ चुकवू देऊ नका. मी विचारलं, कसली गोळी? त्यांचा कप हातातच राहिला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कंपवाताची. काल मी विचारलं तेव्हा ते म्हणाले की वर्ष झालं. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

हे बागेतल्या दगडी बाकावर एकटेच बसले होते. मी जाऊन समोर उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवून गेले नव्हते. तोंडातून निघालं ते भांडणच निघालं. बायको आहे का कोण आहे मी, असं विचारलं. शपथ कसली घेतली होती, असं विचारलं.

"शपथ खोटी नाय घेतली," ते म्हणाले. "मी दारूला शिवलोच नव्हतो. आताही नाय."

पनवेलच्या डॉक्टरनं सांगितल्याला वर्ष झालं होतं. गोळ्या ते कारखान्यात, गेरूच्या डब्यात ठेवत. मी तोच डबा बाटलीसाठी हलवून बघितला होता. मग मला का नाही सांगितलं, निदान मी दारुड्या म्हणत होते तेव्हा तरी तोंड उघडायचं, असं मी म्हटलं. आता मी रडायला लागले होते, आणि रडताना मला आणखी राग येतो.

ते म्हणाले, "दारू सुटते गो. हे सुटत नाय. तू भांडत होतीस, शपथा घालत होतीस, म्हणजे तुला वाटत होतं की मी बरा होईन. मलाही तेवढंच बरं वाटायचं."

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसले. हात घेतला. आतून नाचाचं गाणं सुरू झालं, शिकवणारी मुलगी दारात येऊन बोलावून गेली. आम्ही गेलो नाही. मला माझीच लाज वाटत होती. काय काय नाही बोलले मी या माणसाला, ते एकेक आठवत होतं. मी म्हटलं, आज उतरलो की आधी दिराकडं जाते, मग आळीभर सांगते की हे कधी प्यायलेच नाहीत, माझीच जीभ कशी झडली नाही.

तेव्हा त्यांनी माझा हात सोडला. नको म्हणाले. एवढं स्पष्ट त्यांनी मला आजवर काही सांगितलं नव्हतं. आखणीवाला पितो म्हटल्यावर लोक शिव्या घालतात, पण थांबतात, आज ना उद्या सोडेल म्हणून. हाताचा आजार आहे म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी दुसरा कारखाना गाठतात. गोळीनंतर सकाळचे दोन तास हात चालतो, तेवढ्यात पाच-सहा मूर्ती होतात, अजून दोन मोसम तरी काढू. तोवर तू सांगितलंयस तेच राहू दे. असं म्हणाले, आणि मला हो म्हणावं लागलं.

दोन नाही, एकच मोसम निघाला. आता कारखाना दीर बघतात, सगळ्यांना सगळं ठाऊक आहे, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

पण त्या फाल्गुनात आमचा दादरचा व्यापारी आला, पंचवीस वर्षं आमच्याकडूनच मूर्ती नेणारा. हे भिंतीशी स्टुलावर बसलेले, उजवा हात मांडीखाली दाबलेला. व्यापाऱ्यानं तीन-चार मूर्तींच्या नजरा बघितल्या, मग मला बाजूला घेऊन विचारलं, वहिनी, ह्यांची सुटली की नाही? यांना ऐकू जाईल अशा आवाजातच विचारलं. कामगारही हात थांबवून ऐकत होते.

खरं माझ्या अगदी ओठांवर होतं. मी म्हटलं, "कमी केलीय. मोसमापर्यंत सोडवते मी त्यांची."

तो हसला. तुम्ही आहात म्हणून हे घर उभं आहे, म्हणाला, आणि निम्मी ऑर्डर देऊन गेला. तो गेल्यावर हे स्टुलावरून उठले, माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "छान बोललीस गो."

तीस वर्षांत त्यांनी माझ्या बोलण्याचं कौतुक केल्याचं मला आठवत नाही.