एकतिसावी हाक

नागपुरात येऊन मला चारच महिने झाले होते आणि इथल्या 'राहिलो'शी माझं अजून जमलं नव्हतं. मी साताऱ्याकडची. पहिल्याच आठवड्यात नळाचं विचारायला घरमालकीणबाईंच्या दारात गेले, तर आतून आवाज आला, "मी जेवून राहिली वं." मला वाटलं, बाई जेवून निवांत बसल्यात. सरळ आत शिरले. बाईंचा हात वरणभातात, घास तोंडात. त्या हसल्या, मी ओशाळले. 'जेवून राहिली' म्हणजे जेवते आहे, काम अजून चालू आहे, हे त्या दिवशी शिकले. निदान शिकले असं मला वाटलं.

नोकरी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होती. माझ्या आधी तिथे एक सर होते. हिवाळ्यात ते अचानक वारले आणि त्यांच्या जागेवर मी आले. त्यांची खुर्ची डाव्या बाजूला कललेली होती, आणि बसलं की करकरायची. मीही नकळत तशीच कलून बसायला लागले. लक्षात आलं तेव्हा अशी चिडले की ती खुर्ची त्याच दिवशी बाहेर काढायला लावली.

मे महिन्यात प्राचार्यांनी सांगितलं की सुट्टी संपायच्या आत तीसही कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून ठेवा, कॉलेज उघडताच परीक्षा आहे. पेन ड्राइव्ह घेऊन एकेका यंत्रापुढे ताटकळणं माझ्या स्वभावात नाही. मी सगळ्या यंत्रांना एकाच जागेवरून सिस्टीम वाटणारा सर्व्हर उभा करायला घेतला. यात गंमत अशी असते: कॉम्प्युटरला तसं सांगून ठेवलं असेल, तर चालू झाल्यावर स्वतःच्या डिस्ककडे वळण्याआधी तो नेटवर्कवर हाक मारतो. त्याला तेव्हा स्वतःचा पत्ताही ठाऊक नसतो. हाक कुणा एकाला नसते, तारेला जोडलेल्या सगळ्यांना असते. कुणी आहे का, मी कोण ते सांगा. उत्तर नाही आलं तर जरा वाट पाहून तो आपल्या डिस्कवरून चालू होतो. सर्व्हरने उत्तर दिलं, तर मात्र सर्व्हर सांगेल ते निमूट करतो. माझा सर्व्हर सांगायचा, आहे ते सगळं पुसून टाक आणि हे नवं घे.

भलत्याची डिस्क पुसली जाऊ नये म्हणून मी एक यादी केली होती. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक नंबर मिळालेला असतो. यादीत ज्याचा नंबर, त्यालाच उत्तर. तीस यंत्रं, तीस नंबर.

पहिल्याच दिवशी सर्व्हरच्या नोंदीत एकतीस हाका दिसल्या.

एकतिसावी दुपारी एक चाळीसला आली होती. नंबर अनोळखी, म्हणून सर्व्हर गप्प बसला होता. मी यंत्रं मोजली. पुन्हा मोजली. दुसऱ्या दिवशी एक चाळीसला तीच हाक. तिसऱ्या दिवशी मी तीसही यंत्रं बंद करून बसले, तरी आली. मेमधली नागपूरची दुपार म्हणजे रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. खिडक्या बंद, कूलर घरघरतोय, वाळ्याचा ओला वास, आणि आख्ख्या मजल्यावर मी एकटी. चौथ्या दिवशी एक चाळीस व्हायच्या आत मी कूलर बंद केला. शांतता झाली. मग मागच्या भिंतीपलीकडे बारीकसं 'टिक' वाजलं आणि पंखा फिरायला लागला.

तिथे एक छोटी खोली होती, कुलूपबंद. किल्ली लॅबच्या शिपाईभाऊंकडे, आणि भाऊ पुतणीच्या लग्नाला कुहीला गेलेले. मी दाराला कान लावला नाही. बाहेर व्हरांड्यात जाऊन भर उन्हात उभी राहिले. मी घाबरले होते, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

भाऊ गुरुवारी आले. मी विचारलं तर त्यांना नवल वाटलं नाही.

"सरचा पीसी हाय तो, मॅडम. सर दीडले डबा खायचे. डबा खाऊन आले का चालू पाहिजे म्हणून त्यायनं टाइम लावून ठेवला होता. तवापासून रोज आपल्या आपण चालू होते. संध्याकाळी मेन स्विच पाडला का बंद."

"मग एवढे महिने तुम्ही काढला का नाही?"

"कोण काढन, मॅडम?"

त्यांनी कुलूप उघडलं. मोडक्या बाकांच्या मागे एक टेबल, त्यावर तो कॉम्प्युटर, शेजारी सरांची वही. वहीत सर्व्हरची आकृती होती. माझीच वाटावी अशी. खाली यंत्रांचे नंबर लिहायला घेतलेले, सात लिहून पुढे रेघा कोऱ्या. सरांनाही हाच सर्व्हर उभा करायचा होता. म्हणून त्यांनी आपल्या यंत्राला आधी हाक मारायला शिकवून ठेवलं होतं. ते गेले, सर्व्हर झालाच नाही, आणि यंत्र रोज दुपारी विचारत बसलं.

भाऊंनी आणखी एक सांगितलं. सरांच्या पत्नी इथेच, नागपूरच्या महाल भागात राहतात. त्या दोनदा येऊन गेल्या होत्या. गैरहजर मुलांसाठी सर आपले धडे रेकॉर्ड करून याच यंत्रात ठेवायचे. काकूंकडे फोटो होते, पण आवाज कुठेच नव्हता. त्यांना तेवढाच हवा होता. भाऊंना पासवर्ड माहीत होता, पण एकट्याने त्या खोलीत बसायचा धीर होत नव्हता.

मी काकूंना तिथूनच फोन केला. म्हटलं, परवा शनिवारी या, आवाज तुमच्या हातात देते. भाऊंनी त्या दुपारी पेन ड्राइव्ह लावला. डिस्क थकलेली होती, कॉपी मुंगीच्या पावलाने चालली होती.

शुक्रवारी सकाळी प्राचार्य म्हणाले, एक जादा यंत्र हाताशी ठेवा, सरांचंही घ्या. भाऊ जिन्यात भेटले, डोक्यावर बाक.

"भाऊ, सरांचं कॉपी केलं का?"

"हो मॅडम, करून राहिलो."

मी वर गेले आणि तो नंबर यादीत घातला.

बाहेरची बाई, भाषा कळली नाही, असं म्हणून मला सुटता आलं असतं. प्राचार्यांना मी तसंच सांगितलं. पण मला अर्थ ठाऊक होता. वरणभातात हात घातलेल्या बाई मी पाहिल्या होत्या. मला फक्त ती हाक संपायला हवी होती, म्हणून मी माझ्या सोयीचं ऐकलं.

एक चाळीसला हाक आली. तिच्याखाली पहिल्यांदाच उत्तर उमटलं. इतक्या महिन्यांत त्या यंत्राला मिळालेलं पहिलं उत्तर, आणि ते माझं. मी मोठ्याने म्हणाले, "झालं एकदाचं." मग मी डबा उघडला.

थोड्या वेळाने भाऊ दारात आले. जेवून, हात धुऊन पुढची कॉपी लावायला गेले होते.

"मॅडम, स्क्रीनवर काहीतरी अलगच येऊन राहिलं."

मी धावले. वायर उपटली. संध्याकाळपर्यंत आणि शनिवारी सकाळी, येतील ते सगळे उपाय केले. डिस्क टकटक करायची आणि काही द्यायची नाही. पेन ड्राइव्हवर एकच फाइल पूर्ण उतरली होती, काही सेकंदांची. बाकीच्या उघडतच नव्हत्या.

काकू दीड वाजता आल्या. कपाळावर घाम, हातात नवा कोरा पेन ड्राइव्ह. मी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं, 'करून राहिलो'सकट. सांगताना माझा बांध फुटला.

"काहून रडून राहिली वं," त्या म्हणाल्या. पण माझ्याकडे पाहिलं नाही. "जे हाय ते लाव."

मी फाइल लावली. आधी करकर ऐकू आली. ती खुर्ची मी लगेच ओळखली. मग कुणीतरी घसा साफ केला आणि एक शांत, जरासा थट्टेखोर आवाज म्हणाला, "हॅलो. ऐकू येऊन राहिलं का?"

एवढंच. सरांनी माइक तपासला होता.

काकूंनी हाताने खूण केली, पुन्हा. मी पुन्हा लावली. किती वेळा लावली मला सांगता येणार नाही. मध्येच मागच्या खोलीत 'टिक' वाजलं आणि पंखा फिरायला लागला. लावलेली वेळ डिस्कवर नसतेच, ती यंत्राच्या पोटात वेगळी असते, आणि वायर रात्री भाऊंनी सवयीने परत जोडली होती. नंबर मी यादीतून काढला होता. सर्व्हर गप्प होता.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. काकू मात्र दचकल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला आणि मागच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून बसल्या.

"हॅलो," सर म्हणाले. "ऐकू येऊन राहिलं का?"

"हो," काकू म्हणाल्या. "येऊन राहिलं."