क्लूट जहाजावरचा जोडारी

आउके विअर्स्मा बटाटे सोलत नाही, बागेत खुरपं धरत नाही आणि कुणाच्या मांजराला हात लावत नाही, हे हार्लिंगेन बंदरातल्या त्याच्या गल्लीत लहानथोरांना ठाऊक होतं. बायको रिक्स्ट शेजारणींना सांगायची, "लग्न करताना वाटलं, नवरा मिळाला. मिळाले दोन हात. तेही वापरायचे नाहीत, नुसते जपायचे!"

माणसं एखादी गोष्ट तळहाताच्या फोडासारखी जपतात. या घरात तळहातच तसा जपला जाई. कारण आउके जोडारी होता. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज ज्या केबलमधून किनाऱ्यावर येते, ती तळाशी कुठे तुटली की वर काढून सांधायची, हे त्याचं काम. बोटावरची एखादी खपली, नखाची चीर, कातडीचा तेलकटपणा, यातलं काहीही त्या कामात चालत नसे.

तरुणपणी त्याने रस्त्याकडेच्या खड्ड्यांत बसून टेलिफोनच्या तारा जोडल्या होत्या. समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहायला लागल्या तेव्हा त्याची चाळिशी उलटली होती. "या वयात जहाज कशाला?" असं रिक्स्टने विचारलं, तर म्हणाला, "तोही खड्डाच गं. जरा हलतो, एवढंच." मग क्लूट नावाच्या जहाजावर त्याची वीस वर्षं गेली. जहाजाच्या मागच्या डेकवर एक बंद, उबदार खोली होती. केबलची दोन्ही टोकं तिच्यात दोन बाजूंनी आत यायची. आत धुळीचा कण नाही, वारा नाही. आउके आत बसला की साठ माणसांचं ते अख्खं जहाज भर समुद्रात एका जागी खिळून राहायचं. आणि हा आत बसून चर्चमधली भजनं बेसूर गुणगुणायचा. त्याची कामातली जोडीदारीण हिलके आठ वर्षं ते ऐकत आली होती. "आउके," ती म्हणायची, "देवालाही कान असतात रे."

त्याने सांधलेली एकही केबल पुन्हा वर काढावी लागली नव्हती. हे तो स्वतः कधी बोलत नसे, पण दुसरं कुणी बोललं तर कान टवकारून ऐकत असे.

तो त्रेसष्ट वर्षांचा असताना, ऑक्टोबरात, टेरस्खेलिंग बेटाच्या उत्तरेला एका मालवाहू जहाजाचा नांगर फरफटत गेला आणि केबल चेंगरली. अकरा पवनचक्क्या थंडावल्या. क्लूटने टोकं वर घेतली, खराब भाग कापून टाकला. मध्ये नवा तुकडा घालायचा, म्हणजे सांधे दोन. पहिला झाला. दुसऱ्यात केबलच्या पोटातले तीन गाभे एकेक करून तयार करायचे होते. दोन झाले होते, आणि सकाळच्या कॉफीनंतर आउके तिसऱ्यावर बसला होता.

प्रत्येक गाभ्यात तांब्याभोवती जाड पांढरं आवरण असतं आणि त्यावर पातळ काळा थर. तो काळा थर काचेच्या कपचीने खरवडून काढायचा, पण पांढऱ्याला धक्का लावायचा नाही. आउकेने हे हजारदा केलं होतं. त्या सकाळी त्याचा अंगठा एकदाच, आपण होऊन उडाला.

हिलके पाठमोरी होती, सांध्यावर गुंडाळायच्या पट्ट्या मोजत होती. आउकेने दिव्याखाली पाहिलं. केसाएवढा ओरखडा. त्याने डोळे मिटून त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

भजन थांबलं म्हणून हिलके वळली. "काय झालं?"

"इकडे ये. हे बघ."

तिने वाकून पाहिलं. "मला तर काही दिसत नाही."

"नखाने बघ."

तिने नख दोनदा फिरवलं. मग म्हणाली, "पॉलिश करून निघेल की."

"खोल आहे, पोरी. तुलाही कळतंय." तो हात मांडीवर ठेवून बसला. "आणि काच नाही घसरली. हात थरथरला. मागच्या महिन्यात घरी हातातला कप बशीवर वाजला होता, मी म्हटलं थंडी असेल."

मघाशी क्षणभर त्याच्या मनात आलं होतं, की हिलकेने पाहिलेलं नाही, गुमान पुढे जावं. त्या विचाराचीच त्याला आता लाज वाटत होती.

कॅप्टन वीब्रेन स्वतः खाली आला. वादळ पुढच्या दिवशी सकाळी पोचणार होतं. तीनही गाभे सारख्या लांबीचे लागतात, त्यामुळे तीनही कापून पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती.

"किती वेळ?" वीब्रेनने विचारलं.

"बावीस तास."

"माझ्याकडे वीस आहेत."

"मग गप्पा कमी करू."

वीब्रेनला हसू आलं नाही. "आउके, खरं सांग. आहे तसंच बंद केलं तर चाचणीत पास होईल?"

"होईल. चार-पाच वर्षं चालेलही. मग एखाद्या हिवाळ्यात आतून जळेल."

"तेव्हा तू घरी असशील."

"हो ना. घरी बसून रोज वाऱ्याकडे बघत राहीन." आउके उठला. "कापून टाक, वीब्रेन."

"आणि परत हात थरथरला तर?"

"माझा हात लागणारच नाही. काम हिलके करेल."

"मी?" हिलके म्हणाली. "तिन्ही? एकटी?"

"एकटी कशी? मी आहे ना काचा पुसून द्यायला."

वीब्रेनने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, खिडकीबाहेरच्या पाण्याकडे पाहिलं, आणि शिवी हासडून वर निघून गेला. पाच मिनिटांनी करवत आली.

वीस वर्षं ज्याच्या हाताखाली माणसं राबली, तो आउके त्या दिवशी हिलकेच्या हाताखाली राबला. काचा पुसल्या, मापं वाचून दाखवली, ती पाठ ताणायला थांबली की तिच्या तोंडात पावाचा तुकडा भरवला. सुरुवातीला तो सारखा सूचना देत होता. "जरा हळू. अंगठा खाली. खाली गं!"

"आउके, एक तर गप्प बस, नाहीतर बाहेर जा. आणि माझ्या मानेवर श्वास सोडू नकोस."

तो गप्प बसला. नंतर पाहता पाहता त्याच्या लक्षात आलं, की ती अंगठा त्याच्याहून वेगळा धरते, आणि तसाच बरोबर आहे. त्याचं दुःख झालं की आनंद, ते त्याने त्या वेळी तपासलं नाही.

सांधा एकवीस तासांत झाला. तोवर लाटा तीन मीटर उठत होत्या आणि वीब्रेन वर दात-ओठ खात जहाज जागेवर धरून होता. केबल पाण्यात सोडताना ती दोनदा अशी ताणली गेली, की डेकवर कुणी श्वास घेतला नाही. तिसऱ्या लाटेनंतर मात्र ती शहाण्यासारखी खाली गेली. क्लूट वादळापुढे पळत बंदराकडे निघालं. दुपारी वीजकेंद्रातून फोन आला: चाचणी झाली, वीज वाहतेय. हिलके वाटाण्याच्या सुपाच्या वाडग्यापुढे बसल्या बसल्या झोपून गेली होती. तिला उठवायचं नाही, असा आउकेने साऱ्यांना दम भरला.

डॉक्टर म्हणाला, हाताचा कंप आहे, जिवाला धोका नाही, पण जाणारही नाही. आउकेने जहाज सोडलं. महिनाभर घरात नुसता येरझाऱ्या घालत होता. शेवटी रिक्स्टच म्हणाली, "ते प्रशिक्षण केंद्र माणूस शोधतंय म्हणे. जा बाबा. माझं डोकं तरी शांत होईल." आता तो आठवड्यातून तीन दिवस नव्या जोडाऱ्यांना शिकवतो. वर्गात शिरल्या शिरल्या आपला थरथरणारा हात सगळ्यांना दाखवतो आणि तो ओरखडा कसा पडला ते सांगतो. केंद्राच्या संचालकाला ते फारसं पसंत नाही, पण पोरं ऐकतात.

हिलके आता क्लूटवरची मुख्य जोडारी आहे. गेल्या उन्हाळ्यात जहाजाने घरच्या मंडळींसाठी एक दिवसाची फेरी काढली, तेव्हा तिने आउके आणि रिक्स्टला आग्रहाने नेलं. समुद्र तसा शांत होता. पण आउकेला करायला काही काम नव्हतं. खुर्चीत बसवलेला, हातात साखरपावाचा तुकडा, समोर नुसतं पाणी. तासाभरात तो पांढराफटक पडला आणि कठड्याकडे धावला. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला बोट लागली होती. वीब्रेन तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. रिक्स्टने नवऱ्याची पाठ चोळली, त्याला चुळा भरायला पाणी दिलं, आणि घरी परतल्यावर कोट काढायच्या आधी शेजारणीकडे सांगायला गेली.