काचेवरचा आकडा

मंडळी, आज जीव भांड्यात पडला, म्हणून लिहिते आहे.

माझी लेक कुरकुंभला कंपनीत आहे. तिने जुनी कार घेतली आणि स्टीअरिंगपुढे डबीएवढं यंत्र बसवलं. गाडीचा वेग समोरच्या काचेवर दिसतो, मीटरकडे बघावं लागत नाही. आज आम्ही न्हावऱ्याहून चौफुल्याला निघालो.

"आई, आकडाच दिसंना!" मग तिला हसू फुटलं. "अगं, तू त्याचं तोंडच झाकलंस व्हय!"

टीव्ही, मिक्सर, फ्रिज, सगळ्यांवर मी विणलेला रुमाल घालते. सवयीने यावरही घातला होता.

सहा वर्षांपूर्वी याच रस्त्यावर माझे मालक गेले. मोटारसायकलच्या मीटरकडे क्षणभर बघितलं असावं, आणि पुढे दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी होती. तेव्हापासून लेकीने एकटीने गाडी चालवायची म्हटलं की मी अडवायचे.

परतताना दिवेलागणीला तशीच ट्रॉली पुढे आली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा काचेवर साठाचे वीस झाले होते आणि ट्रॉली अजून बरीच लांब होती.

"घाबरलीस?"

"न्हाई. तू मान खाली घालतीस का, तेवढं बघत होते."

"डोळे मिटून?"

दोघी हसलो.

यंत्राने गेलेलं माणूस येत नाही. पण उद्या ती एकटी कामावर गाडी नेणार आहे, आणि आज मी 'जाऊ नको' म्हणाले नाही, 'सावकाश जा' म्हणाले.

तुमच्या तोंडचं 'जाऊ नको' कशाने सुटलं?