काही हलवू नका

माझ्या मावशीला धुळीचा भारी राग, आणि नोकरी मिळाली ती भंगार वितळवणाऱ्या कारखान्यात धूळ गोळा करायची! देवाची थट्टाच म्हणायची. भट्टीचा धूर गाळायला छताशी कापडी पिशव्या टांगलेल्या असत. त्या झटकायच्या, पडलेली भुकटी पिंपात भरायची आणि झाकण लावायचं, हे तिचं काम. दिवसभर तोंडाला फडकं बांधून राबायची आणि घरी आली की आधी मोरीत शिरायची. पाहुण्याने चप्पल वाकडी काढली तर ती सरळ करायची आणि मगच "ये, बस" म्हणायची.

त्या करड्या भुकटीने भांडी लख्ख निघतात, हा शोधही तिचाच. कारखान्यातून डबा भरून आणायची. मी शेजारीच राहते, मलाही ओंजळभर द्यायची. परसातल्या घेवड्याच्या वाफ्यातही टाकायची, म्हणजे गोगलगायी फिरकत नाहीत.

तिची एकुलती एक लेक, आमची ताई, तेव्हा गरोदर होती. डॉक्टरांनी जिने चढू नको असं बजावलं, म्हणून आईच्या बैठ्या घरी राहायला आली होती. मावशीचा आनंद गगनात मावेना. लेकीच्या ताटात रोज परसातला घेवडा, ताजा, आपल्या हातचा.

एका सकाळी मुकादमाचा फोन आला. काही आठवड्यांपूर्वी भंगारातून कुठल्याशा दवाखान्याच्या जुन्या यंत्राचा किरणोत्सारी तुकडा भट्टीत गेला होता. तो वितळला आणि भुकटीत उतरला.

"तुमच्याकडे आहे का ती भुकटी?" त्याने विचारलं.

"आहे की, डबाभर."

"मग घरातलं काही हलवू नका. सगळे बाहेर थांबा. मोजणारी माणसं येतायत."

मावशीने ताईला तशीच माझ्याकडे पाठवलं आणि स्वतः घरात परत गेली. घाबरलं की माणसं रडतात, देवाचा धावा करतात. आमची मावशी घासायला बसते. परके लोक यंत्रं घेऊन येणार आणि घरात घाण निघणार, हे तिला मरणाहून वाईट वाटलं असावं. तिने ओटा धुतला, भांडी विसळली, डबा पालथा करून खळखळून धुतला, फरशीवर बादल्यांमागून बादल्या ओतल्या.

मी दारातून ओरडले, "मावशी, काही हलवू नका म्हणालेत ना!"

"हलवलंय कुठे? सगळं जागच्या जागी आहे. पुसलं फक्त."

आलेल्या माणसांनी स्वयंपाकघरात यंत्र फिरवलं. ते अधूनमधून टक्‌ टक्‌ करत राहिलं, फारसं नाही. मावशीने माझ्याकडे 'बघ' अशा नजरेने पाहिलं. मग ती माणसं मोरीपाशी गेली आणि यंत्र तडतडायला लागलं. परसातल्या वाफ्यापाशी तर एका टक्‌मधून दुसरं टक्‌ वेगळं ऐकू येईना. मोरीचं पाणी वाफ्यात, वाफ्यातलं मागच्या ओढ्यात. ओढ्यावर गल्लीतली बदकं पोहत होती.

"पाणी सोडलंत?" मोजणाऱ्या बाईंचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "अहो, ही घाण धुऊन जात नाही. ती फक्त जागा बदलते. हा घेवडा कोणी खाल्ला?"

माझ्या दारात ताई पोटावर हात ठेवून उभी होती, मावशी तिच्याकडे बघत राहिली. घेवडा मीही खाल्ला होता, भांडी मीही घासली होती, पण त्या क्षणी मला आठवलं ते फक्त ते पोट.

पुढे घेवडा उपटून, माती खरवडून, माझ्याकडची भांडी आणि उरलेली भुकटीही पिंपांत भरून नेली. ओढ्याला तारेचं कुंपण पडलं. बदकं पिंजऱ्यात घालून नेली, ती परत आली नाहीत. गल्लीतल्या बाया मावशीला टाळायला लागल्या. करायला गेली एक आणि झालं भलतंच, असं समोरच म्हणायच्या. मला त्यांचा संताप यायचा. तो डबा काही तिने एकटीने वापरला नव्हता, मीही वापरला होता.

आम्हा तिघींना तपासलं. डॉक्टर म्हणाले, शरीरात गेलंय ते थोडं आहे, बाळाला बहुधा काही होणार नाही. ताईने "काही होणार नाही" एवढंच ऐकलं. मावशीने 'बहुधा' तेवढं उचललं. तिचे हात यंत्राखाली धरून स्वच्छ असल्याचं सांगितलं, तर म्हणाली, "पुन्हा बघा." पुन्हा बघितलं. स्वच्छच होते.

काल संध्याकाळी माझ्याकडे बसलो होतो. ताई एकदम हसली.

"आई, लाथा मारतंय बघ. हात लाव इथे, लवकर."

मावशी उठली ती थेट भिंतीपाशी जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.

"जोरात मारतंय ना गं?"

"तूच बघ ना हात लावून."

"नको. मला इथूनच दिसतंय."