ग्लोव्हचं बोट आणि निळा दिवा

"तुम्हारा हाथ कच्चा है, डॉक्टर," आमचे विभागप्रमुख सगळ्यांदेखत म्हणाले. "सोमवारपासून फिलिंग बंद. फक्त दात काढायचे."

खुर्चीत बलजीत होती. रोपडच्या शाळेत शिकवायची. तिच्या समोरच्या दाताचं मी केलेलं फिलिंग दुसऱ्यांदा पडलं होतं आणि रविवारी तिचं लग्न होतं. दिवस पंजाबातल्या दहशतीचे. चंदीगडला यायचं म्हणजे नाक्यानाक्यावर बस रिकामी करून झडती, आणि अंधाराच्या आत घर गाठायचं. चुन्नी तोंडावर धरून ती रडत होती. मला सरांचा भयंकर राग आला. मी सोलापूरची, मुकाट्याने ऐकून घेणाऱ्यांतली नव्हे.

कॉम्पोझिट म्हणजे दाताच्या रंगाची मऊ पेस्ट. लाइट गनचा निळा उजेड पडला की ती टणक होते. गनच्या टोकाला काचेची कांडी असते, ती थेट तोंडात जाते. काविळीच्या धास्तीने सरांनी नुकताच नियम काढला होता: फाटक्या ग्लोव्हचं बोट कापायचं, धुऊन कांडीवर चढवायचं. नियमानंतर ही फिलिंगं माझ्याच वाट्याला येत होती; नियमाआधीची माझी सगळी शाबूत होती.

पडलेला तुकडा मी टाचणीने टोचून पाहिला. वरून टणक, दाताकडच्या बाजूला खव्यासारखा. हात कच्चा नव्हता, माल कच्चा राहत होता!

"सर, पाच मिनिटं द्या."

सरबताच्या स्ट्रॉचे तीन तुकडे कापून त्यांत पेस्ट भरली. एकावर उघडा दिवा धरला, एकावर कांडीला ग्लोव्हचं बोट चढवून, तिसऱ्यावर कांडीला पातळ पारदर्शक पिशवी सुरकुती न पडू देता ताणून. वेळ तिघांना सारखा. मग स्ट्रॉ चिरले आणि टाचणी सरांच्याच हातात दिली.

उघड्या दिव्याचा तुकडा टणक. पिशवीचाही टणक. ग्लोव्हवाल्यात टाचणी सुळकन आत गेली.

"रबर लाइट खा गया?" सर पुटपुटले.

"जी सर. पडदा हवाच, पण आरपार दिसणारा."

"अब तो पक्का ना, दीदी?" बलजीतने विचारलं.

"एकदम पक्का," मी म्हणाले आणि पिशवी लावून फिलिंग केलं.

लग्नानंतर ती नवऱ्याला घेऊन आली. आम्हा सगळ्यांसमोर तिने त्याच दाताने गजक, तिकडची तिळाची कडक चिक्की, कडकन तोडली. माझा जीव खालीवर झाला, फिलिंग जागचं हललं नाही. मला तिथंच नाचावंसं वाटलं.

सोमवार आला नि गेला, मी फिलिंगच करत राहिले. सर मात्र नव्या डॉक्टरांना स्ट्रॉची टेस्ट शिकवू लागले, आपलीच म्हणून. शिकवू देत. पडदा कुणीही लावावा, फक्त आधी त्यातून पलीकडचं दिसतंय का, तेवढं बघावं.