कवळीमामांची फुंकर

कवळीमामा लोकांचे दात बनवायचे. स्वतःचे वरचे दोन पडले होते. ते बसवायला तीस वर्षांत सवड झाली नव्हती. रस्त्यात कोणी भेटलं की मामा आधी तोंडात डोकावायचे, मग ओळख द्यायचे.

ते कामाला होते ती दातांची लॅब म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली. निकेल, क्रोमियम, कोबाल्ट अशा तिरसट धातूंच्या मिश्रणातून ओतलेली कॅप मामा फिरत्या चाकावर घासायचे. दुपारी खिडकीतून उन्हाची तिरीप आली की तिच्यात घासलेल्या धातूची धूळ तरंगायची, चमचमत, कुठे जायची घाई नसल्यासारखी. मामा हात थांबवून बघत राहायचे. मग भानावर येऊन कॅपवर एक फुंकर. धूळ ओढणारं यंत्र शेजारीच होतं, पण त्याच्या घरघरीने तंद्री मोडायची, म्हणून बंद. मास्क हनुवटीखाली. हनुवटीला थंडी वाजू नये म्हणून असावा.

"तुमचे रुमाल धुतले की मोरी चकाकते," मामी म्हणायच्या. "नवरा केलाय की कल्हईवाला?"

खोकला सुरू झाला तेव्हा मामांनी आधी उशीला दोष दिला, मग पंख्याला, मग मामींच्या माहेरच्यांना. जिन्यात दम लागू लागला तेव्हा मामींनी त्यांना धरून दवाखान्यात नेलं.

"या नळीत जोरात फुंका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मामा ताठ बसले. हा त्यांचा विषय. त्यांनी जीव एकवटून फुंकलं. पडद्यावरची रेघ जराशी उठली आणि वामकुक्षीला निघाल्यासारखी आडवी झाली.

"नळी तुंबलीय."

"नळी बरी आहे, काका. काम काय करता?"

मामांनी रंगवून सांगितलं, उन्हातल्या चमचमीसकट. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तीच चमचम छातीत बसलीय. फुंकर मारायच्या आधी श्वास आत घेता ना? तेव्हाच जाते. गेलेला दम परत येणार नाही. उरलेला ठेवायचा असेल तर धातू सोडा."

"मग दात?"

"दात दुसरं कोणी घासेल."

घरी येईपर्यंत मामींनी एकही टोमणा मारला नाही, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मामांना कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅबच्या मालकांना सांगितलं, "आजपासून मी मेणाच्या टेबलावर, नमुने घडवायला. धातू बंद. आणि ते यंत्र चालू ठेवायचं. जो घासेल त्याच्यासाठी."

"मामा, धातूला तुमच्यासारखा हात कुणाचा नाही हो. एवढ्या शेवटच्या सहा कॅपा घासून द्या."

मामांनी त्या सहा कॅपांकडे पाहिलं. सुरेख ओतल्या होत्या. बोटं शिवशिवली.

"हाताचं खरंय," ते म्हणाले. "पण तो एकटा येत नाही, छातीला सोबत घेऊन येतो."

मेणाचं टेबल अंधाऱ्या कोपऱ्यात होतं. तिथे काहीच चमकत नव्हतं. मऊ मेणाला दाढेचा आकार देता देता मामा पुन्हा कुठेतरी हरवले. इतक्यात मामींचा फोन आला.

"काय करताय?"

"बसलोय."

"आणि?"

"श्वास घेतोय."

"घ्या," मामी म्हणाल्या. फोन मात्र त्यांनी बराच वेळ ठेवला नाही.