चारशे भाकऱ्या आणि एक घूस

सुंदरम्माचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू झाला, आणि चार वाजायच्या आत तिला कळलं की घरात चोरी झाली आहे.

गजर ती कधी लावत नसे. नवरा गुरुबसप्पा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. एकतीस वर्षं त्याला साडेपाचला डबा लागला. तो निवृत्त झाला, तिचे डोळे काही झाले नाहीत. ते अजून पावणेचारलाच उघडत. त्या सोमवारी तिने स्वयंपाकघरातला दिवा लावला, फळ्यांवर पसरलेल्या भाकऱ्यांवरचं मलमलीचं फडकं उचललं आणि मोजलं. काल सत्तर होत्या. आज एकोणसाठ.

"अवो, उठा. अकरा भाकऱ्या गेल्या."

"खाल्ल्या असतील कुणी," गुरुबसप्पा पांघरुणातून म्हणाला.

"अकरा? या घरात अकरा भाकऱ्या खाणारा एकच हाय, आन् तो आत्ता माझ्याशी बोलतोय."

गुरुबसप्पा उठून बसला. खरं म्हणजे तोही घाबरला होता, कारण या भाकऱ्या घरच्या जेवणाच्या नव्हत्या. शनिवारी शरणबसव अण्णा येऊन चारशे कडक भाकऱ्या सांगून गेले होते. ते किराणा दुकानदार. पाडव्याला श्रीशैलला पायी जाणाऱ्या मंडळींची शिदोरी दरवर्षी तेच बांधत. मागच्या साली दुसरीकडून घेतल्या, त्या चौथ्या दिवशी मऊ पडल्या. यंदा कुणीतरी सुंदरम्माचं नाव सांगितलं. येत्या रविवारी सकाळी सहाला टेम्पो येणार होता.

"चारशे भरल्या आन् कडक निघाल्या, तर दुकानाला बारा महिने तुमचीच भाकरी," अण्णा म्हणाले होते. "एक जरी वाकली, तर राम राम."

सुंदरम्माने आजवर शेजारपाजारच्या पंचवीस-तीस भाकऱ्या करून दिल्या होत्या. चारशे कधीच नाही. तरी तिने हसून हो म्हटलं.

कडक भाकरी म्हणजे राहिलेली भाकरी नव्हे. ज्वारीचं पीठ कढत पाण्यात मळायचं, वरून तीळ लावायचे, पापडाच्या जवळ जाईल इतकी पातळ थापायची. भाजून झाली की मंद आचेवर तव्यातच फिरवत राहायची, पार पाणी आटेपर्यंत. एका भाकरीमागे सासू-सुनेची पाच-पाच मिनिटं. सासू थापणार, सून दानेश्वरी भाजणार. सत्तर भाकऱ्या म्हणजे सहा तास, मध्ये पाठ टेकायची नाही. आणि एवढं करून ती लगेच डब्यात भरता येत नाही. कोंडली की तिला घाम सुटतो आणि तिचं चामडं होतं. दोन दिवस पातळ फडक्याखाली, उघड्या हवेवर ठेवावीच लागते. पत्र्याच्या घरात उघड्यावर ठेवायचं तर राखण आली.

उजाडल्यावर चोराचा माग लागला. मोरीजवळच्या शहाबादी फरशीचा कोपरा खचला होता आणि शेजारी चाळल्यासारख्या बारीक मातीचा ढीग होता. या घरात फरशा मातीवर नुसत्या मांडलेल्या. बिळाचं तोंड इतकं मोठं की दानेश्वरीचा हात कोपरापर्यंत गेला असता. तिने घातला नाही.

"घूस हाय, अत्ती," ती सासूला म्हणाली. "मांजराएवढी असंल."

"मांजर बरी. दूध पिऊन गप पडती."

गुरुबसप्पाने शेजारच्या शिवबाईकडून उंदराचा पिंजरा आणला. आत बाजारातल्या भाकरीचा तुकडा लावला, घरची कशाला घालवायची म्हणून. मंगळवारी पहाटे पिंजरा मोरीत उलटा पडला होता. घूस त्यात मावलीच नव्हती. बाजारातला तुकडा तसाच होता. भाकऱ्यांवर रात्रभर जड पराती पालथ्या घातल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. पण परातीखालच्या भाकरीला दमटपणा धरू लागला होता. ते चालणार नव्हतं.

"बघा," सुंदरम्मा म्हणाली, "तिलाबी कळतंय चांगली भाकरी कुठली."

"मग तिलाच शरणबसवअण्णाकडं पाठव, शिफारस करंल," गुरुबसप्पा म्हणाला. पण त्याला पिंजऱ्याचा अपमान लागला होता. तो तडक जुन्या कारखान्यात गेला आणि पोतंभर वेस्ट घेऊन आला. वेस्ट म्हणजे मागावरचा सुताचा गुंता: चादरीच्या काठातले लाल, निळे, पिवळे तुटके धागे. कारखान्यात तेल गळालं, पाणी झिरपलं, कुठं फट दिसली की जॉबरचा हात आधी वेस्टकडे जातो.

"ही वेस्ट हाय का रजई?" सुंदरम्माने विचारलं.

"एकतीस वर्षं मी गळती ह्याच्यानं थांबवली. मशिनचं तेल थांबतंय, तिथं घुशीचं काय घेऊन बसलीस."

त्याने बिळात वेस्ट कोंबली. हाताने कोंबली, मग पहारीच्या बोथट टोकाने ठासली. अर्धं पोतं आत गेलं. वरून फरशी बसवली, फरशीवर पाट्याचा दगड ठेवला. काम त्याने मन लावून केलं, याबद्दल कुणाला शंका नको. दीड तास तो उकिडवा होता आणि उठताना त्याला दानेश्वरीच्या हाताचा आधार घ्यावा लागला.

बुधवारी पहाटे एकही भाकरी कमी नव्हती. पराती काढून टाकल्या होत्या तरी नव्हती. गुरुबसप्पाने दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला ती फरशी दाखवली. शिवबाई पिंजरा परत न्यायला आली, तर तिलाही दाखवली.

"आवाज येतोय का काय?" शिवबाई वाकून म्हणाली.

"कसला आवाज? गुदमरली असंल."

गुरुवारी पावणेचारला सुंदरम्माने दिवा लावला आणि ती दारातच थांबली. पाट्याचा दगड होता तिथेच होता. पण पलीकडे, नेमकी भाकऱ्यांच्या फळीखालची फरशी पातेल्यावरच्या झाकणासारखी तिरकी झाली होती. फळी कलली होती. सोळा भाकऱ्या गेल्या होत्या, सदतीस कुरतडलेल्या नाही तर मातीत पडलेल्या. दोनशे ऐंशी झाल्या होत्या, हातात दोनशे सोळा उरल्या. आणि दिवस दोन.

ती रडली नाही. तिने कुरतडलेल्या भाकऱ्या बाजूच्या घरातल्या म्हशीसाठी टोपलीत भरल्या, पदर खोचला आणि नवऱ्याला हाक मारली. त्या हाकेने दुसरी पाळी करून मध्यरात्री चिंचोळीच्या कारखान्यातून आलेला मुलगा बसवेशसुद्धा जागा व्हायला हवा होता. तो झाला नाही.

"पहार घ्या," ती गुरुबसप्पाला म्हणाली. "आज ती तरी राहील, न्हाय तर मी."

ओट्यावरची शेगडी, पीठ, तवे, सगळं अंगणात गेलं. मग गुरुबसप्पाने मोरीजवळची पहिली फरशी उचलली. बीळ सरळ नव्हतं. ते डावीकडे वळलं, तशी त्याने दुसरी उचलली. मग तिसरी. बीळ ओट्याखाली गेलं, परत फिरलं, कपाटाकडे निघालं. सहाव्या फरशीला त्याचा सदरा पाठीला चिकटला. नवव्या फरशीला दानेश्वरी ओट्यावर चढून उभी राहिली, हातात लाटणं.

"मामा, हितं माती हलती."

अकरावी फरशी उचलली आणि ती निघाली. काळपट, केसाळ, फुत्कारत. गुरुबसप्पाच्या दोन्ही पायांवरून गेली. त्याने पहार टाकली, ती त्याच्याच अंगठ्याला लागली. घूस कपाटाकडे धावली, कपाटाखालून परत आली, सुंदरम्माने झाडू आपटला तशी वळून पिठाच्या रिकाम्या डब्यात शिरली, डबा घेऊन गडगडत दाराशी गेली आणि उंबऱ्यावर डब्यातून सुटून उलटी फिरून मोरीच्या नळीत घुसली. दानेश्वरी ओट्यावरून ओरडत होती, "तिकडं, तिकडं, अत्ती, न्हाय, इकडं." सुंदरम्माला धाप लागली होती आणि आश्चर्य म्हणजे तिला हसू येत होतं. चाळीस वर्षांत ती या स्वयंपाकघरात इतकी धावली नव्हती.

मग गुरुबसप्पा खड्ड्यात वाकून बघतच राहिला.

"काय झालं? बोला की."

त्याने नुसतं बोट दाखवलं. सुंदरम्माने डोकावलं. अकराव्या फरशीखाली हातभर खळगा होता. त्यात लाल, निळी, पिवळी वेस्ट विंचरून गोल गादी केलेली, इतकी मऊ की माणसाने अंग टाकावं. गादीवर सात पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेली. उशाला भाकरीचे तुकडे, नीट रचलेले.

"बाळंतीण होती व्हय," सुंदरम्मा म्हणाली. "आन् तुमी तिला गादी नेऊन दिली."

"मला काय ठावं?"

"एकतीस वर्षं गळती थांबवली. ह्या वेळी बाळंतपण केलंत. आन् डिंकाच्या लाडवाऐवजी माझ्या भाकऱ्या."

ओट्यावर दानेश्वरी बसली आणि पोट धरून हसली. बसवेश डोळे चोळत दारात आला. अकरा फरशा उपसलेल्या, बाप खड्ड्यात, बायको ओट्यावर. "चहा झाला का?" त्याने विचारलं, आणि परत जाऊन झोपला.

मारायचं कुणाच्या हातून झालं नसतं. सुंदरम्माने गादीसकट पिल्लं घमेल्यात उचलली आणि भिंतीपलीकडच्या मोकळ्या रानात, नाल्याच्या काठाला नेऊन ठेवली. दानेश्वरी भिंतीवरून बघत राहिली. थोड्या वेळाने घूस नळीच्या दुसऱ्या तोंडातून आली, एकेक पिल्लू तोंडात धरून झुडपात घेऊन गेली. सातवं नेल्यावर ती पुन्हा आली आणि निळी वेस्टही ओढून नेली.

नेमके तेव्हाच शरणबसव अण्णा भाकऱ्या कशा होताहेत ते बघायला आले. त्यांनी उपसलेलं स्वयंपाकघर पाहिलं, अंगणातली तीन विटांची चूल पाहिली.

"सुंदरक्का, हे काय जमत न्हाय. निम्म्या मी दुसरीकडं सांगतो."

निम्म्या गेल्या की बारा महिन्यांचं दुकान गेलं, हे दोघांनाही माहीत होतं. सुंदरम्माने म्हशीच्या टोपलीतली एक भाकरी उचलली आणि त्यांच्या कानाजवळ मोडली. कट्ट.

"चारशे म्हणजे चारशे, अण्णा. रविवारी सहाला या. एक वाकली, तर तुमी परत करायची वाट बघणार न्हाय, मीच देणार न्हाय."

अण्णा गेले. वारा होता, शेगडीची ज्योत विझत होती, म्हणून तिने चुलीत तुराट्या घातल्या. शिवबाई स्वतःचा तवा घेऊन आली. गुरुबसप्पाने खोलीतली बाज उचलली, छताच्या लोखंडी नळ्यांना तारा बांधून अधांतरी टांगली आणि भाकऱ्या त्यावर मांडल्या. ह्या वेळी त्याने गाठी तीनदा तपासल्या. गुरुवारी दिवस बुडेपर्यंत चौऱ्याहत्तर झाल्या. शुक्रवारी दोन तवे, तीन बायका, पहाटे चारपासून. एकशे दहावी भाकरी उतरली तेव्हा सुंदरम्माच्या तळव्याची कातडी शिजल्यासारखी पांढरी पडली होती आणि दानेश्वरीला पायावर उभं राहता येत नव्हतं.

चारशे भरल्या. पण शुक्रवारच्या एकशे दहांना दोन दिवस मिळणार नव्हते.

शनिवारी दहा वाजता सुंदरम्माने त्या पत्र्यावर चढवल्या. मार्चमधला सोलापूरचा पत्रा, त्यावर पाय ठरत नाही. जुन्या चादरी अंथरल्या, त्यावर भाकऱ्या, वर मलमल. कावळ्यांना हाकलायला कुणीतरी हवं होतं.

"जॉबर," ती म्हणाली, "चढा वर."

गुरुबसप्पा डोक्याला पंचा बांधून चार तास छपराच्या कडेला शिडीवर उभा राहिला. काठी हलवायची, दर अर्ध्या तासाने भाकऱ्या उलटायच्या. खालून शिवबाई म्हणाली, "भाऊजी, वेस्ट पाठवू का वर?" त्याने कावळ्याला मारायची काठी तिच्या दिशेने हलवली. पण उतरला नाही. पाणी दोनदाच मागितलं.

रविवारी सहाला टेम्पो आला. शरणबसव अण्णांनी वरच्या भाकरीला हात लावला नाही. त्यांनी तळाशी हात घालून एक ओढली, नेमकी पत्र्यावरची. गुरुबसप्पा अंगठ्याचं फडकं बघत राहिला. अण्णांनी भाकरी दोन्ही हातांत धरून हळूहळू वाकवली. ती वाकली नाही. कट्ट म्हणून तिचे दोन तुकडे झाले, आणि एक तुकडा अण्णांच्या चपलेवर पडला.

त्यांनी दुसरी मोडली. तिसरी मोडायला घेतली तेव्हा सुंदरम्माने त्यांचा हात धरला.

"अण्णा, तीनशे अठ्ठ्याण्णव उरल्या. आता पुरे करा."

अण्णा हसले. "पुढल्या सोमवारपासून दुकानाला," ते म्हणाले आणि टेम्पोवर चढले.

पैसे त्याच दिवशी मिळाले. पाडव्याच्या आत गवंडी आला. सगळी माती खोदून खाली दगड-विटांचा चुरा ठोकला, त्यात फुटक्या बाटल्यांच्या काचा मिसळल्या, म्हणजे खालून कुणी दात लावायचा नाही. वर सिमेंटचा जाड कोबा. गवंडी सांजच्याला निघून गेला, तेव्हा गुरुबसप्पाने त्याची थापी घेऊन कोपरे पुन्हा घोटले. गवंड्याने ते नीट केले नव्हते. आठ दिवस दानेश्वरीने त्यावर पाणी मारलं.

सुंदरम्माच्या चारशे भाकऱ्यांच्या मजुरीत तेवढंच बसलं: एका खोलीचा कोबा.